ऐकू आलं की बटण दाबा

३ मार्च

खोली मनासारखी मिळाली. वरचा मजला, दोन खिडक्या, भक्कम टेबल आणि त्यावर डावीकडून पडणारा उजेड. बारीक काम करणाऱ्याला आणखी काय हवं? घरमालकीण साठीच्या, एकट्याच राहतात. त्यांना मावशी म्हणायचं हे त्यांनीच ठरवून टाकलं. माझं नाव मात्र अजून विचारलेलं नाही. 'पोरी'वर भागतंय.

कानाच्या दवाखान्यात उद्या रुजू व्हायचं आहे. श्रवणयंत्रं दुरुस्त करायची, बसवायची, लोकांचं ऐकणं तपासायचं. खूप दिवसांनी मला उद्याची घाई झाली आहे.

५ मार्च

दवाखान्याचे साहेब कमी बोलतात, हे उत्तम. तपासणीची आवाजबंद खोली नीट बांधलेली आहे. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो.

आज एका निवृत्त पोस्टमनना त्यांच्या बायकोने ओढून आणलं. साहेबांनी काहीही विचारलं की ते आपले हो, हो. शेवटी बायको वैतागली. म्हणाली, लग्न झाल्यापासून हे असेच हो म्हणतायत, आणि मी आपली समजत होते की माणूस किती समजूतदार मिळाला! साहेबसुद्धा हसले.

आमच्या कामातला पहिला धडा हाच. कमी ऐकू येणारा माणूस न ऐकताही मान डोलावतो. कधी लाजून, कधी समोरच्याला त्रास नको म्हणून. त्यामुळे 'ऐकू आलं का' असं विचारायचंच नाही. हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, ऐकू आलं की दाबा.

मावशींनाही बरंच कमी ऐकू येतं. कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलंय. मी दुरुस्त करून देईन म्हटलं.

९ मार्च

हात थरथरतात. केसाएवढी तार जोडायची आणि चिमट्याचं टोक नाचतंय. साहेबांनी पाहिलं आणि माझ्यापुढचं मशीन उचलून स्वतः केलं. असं दोनदा झालं तर ही नोकरी राहणार नाही, हे मला कळतं.

थरथर गोळीमुळे आहे. गोळी सुरू होण्याआधी मला नसलेले आवाज ऐकू यायचे. हे फक्त दादाला आणि जुन्या डॉक्टरांना माहीत आहे. कुणाला सांगायची माझी इच्छाही नाही.

मावशींनी मात्र हात पाहिले आणि ओळखलं. नवरा गेल्यावर त्यांचंही डोकं फिरलं होतं म्हणे, महिनोन्‌महिने अंथरुणातून उठल्या नव्हत्या. त्यांनाही गोळ्या होत्या. मग कुणीतरी मागच्या अंगणातल्या झुडपाचा पाला उकळून प्यायला सांगितलं, आणि गोळ्या गेल्या कचऱ्यात. त्यांनी मला कपभर काढा दिला. चव गंजलेल्या खिळ्यासारखी. मी विचारलं की मी आवाजांसाठी गोळी घेते, तिच्याबरोबर हा चालेल ना. मावशी हसल्या, हो हो म्हणाल्या.

१६ मार्च

थरथर कमी आहे. गोळी अर्धी केली आहे, काढा दोन वेळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती, नाहीतर कशाचा परिणाम ते कळत नाही. पण मला परिणाम हवा आहे, कारण नको. साहेबांनी अवघड काम पुन्हा माझ्याकडे दिलं.

दादाचा फोन आला. गोळ्या घेतेस ना, आवाज वेगळा का वाटतोय, वगैरे. मी म्हटलं, घेते. अर्धी गोळीही गोळीच असते.

२२ मार्च

गोळी बंद. हात दगडासारखे स्थिर.

जेवताना एक बारीक टुक-टुक ऐकू आली, आमच्या तपासणीत वाजवतात तशी. खोलीत शोधलं. नळ नाही, घड्याळ नाही. मावशींना विचारलं, हा टुक-टुक आवाज तुम्हालाही येतो का? त्यांनी लगेच मान डोलावली. म्हणाल्या, हो तर, रोजचंच आहे.

केवढं बरं वाटलं! दोघींना येतो, म्हणजे तो आहे. मी आजारी नाही.

२६ मार्च

आता शब्द येतात. तपासणीत लोकांनी ओळखावेत म्हणून मी जे शब्द वाचून दाखवते तेच, त्याच क्रमाने. पाणी. दोरी. काठी. माती. आवाज माझाच आहे, पण मी बोलत नसते.

आवाजबंद खोलीत जाऊन बसले. दार लावलं. तिथेही आले. म्हणजे घरातून येत नाहीत, माझ्याबरोबर येतात. साहेबांनी दारावर टकटक केली, बरं नाही का म्हणून विचारलं. सुट्टी घे म्हणाले. चेहरा नीट नव्हता त्यांचा.

२८ मार्च

कानात बोळे घालून पाहिलं. बाहेरचा आवाज बोळ्यांनी कमी होतो, आतला वाढतो. हे कुणीही शिकलेला सांगेल.

वाढला.

म्हणजे आत आहे. आत म्हणजे डोक्यात नव्हे. डोक्यातला असता तर मावशींना कसा ऐकू आला असता? कानात आहे. काहीतरी बसलंय. मावशींच्याही कानात तेच असणार, म्हणून तर त्यांचं ऐकणं गेलं.

त्यांचं मशीन सुटं करून तपासलं. सगळे भाग टेबलावर मांडलेत. त्यात काही नाही. अजून जोडलेलं नाही.

३० मार्च

मावशी काढा घट्ट करून आणतात. डोळ्यांखाली काळं आलंय म्हणाल्या, केसांवरून हात फिरवला. मी ओरडले. मला वाटतं, मी ओरडले. त्या हसतच राहिल्या.

दादा रविवारी येतो म्हणाला. नको म्हटलं. तो येणारच म्हणाला.

पाणी. दोरी. काठी. आणि चौथा शब्द बदललाय — यादीत नाही तो —

उघड.

शुक्रवार

जेवण नाही. झोप नाही. काढा आहे. उघड, उघड, दोन्ही बाजूंनी — उजवीकडे जास्त —

दादा आला की गोळी देईल. गोळी दिली की हात थरथरतील. मग काढता येणार नाही ते. कधीच.

त्याच्या आधी —

शनिवार

मावशींना विचारलं. अगदी नीट विचारलं, तोंडासमोर उभं राहून, सावकाश. चिमटा आत घालून ते काढू का? माझ्या उजव्या कानापासून सुरू करू का? दुखेल, पण काढू का?

मावशी हसल्या. मान डोलावली. हो हो, पोरी, म्हणाल्या, आणि खाली गेल्या. त्यांचं मशीन इथेच आहे, सुटं. मी ओरडले तरी त्यांना त्रास होणार नाही —

भिंग. दिवा. आरसा. लांब चिमटा, बारीक टोकाचा.

फोन वाजतोय. दादा असेल. वाजू दे.

हात पाहिले. काहीच थरथर नाही. इतके स्थिर हात माझे कधी नव्हते —

आतून काय निघालं ते लगेच इथे लिहीन —