बोटाने चालणारा अँप्लिफायर

३ ऑगस्ट १९९७, रविवार
सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव पास. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर 'स्वकष्टाने उभा राहिलेला रहिवासी' म्हणून माझा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि मी बोलायचे दोन शब्द. ते आमच्या सगळ्या आचोळे गावाला ऐकू गेले पाहिजेत. तिथल्या तिथे जाहीर केलं, अँप्लिफायर मी बनवणार. गोखिवऱ्याच्या गाळ्यात बारा वर्षं एलिमिनेटर (बॅटरीऐवजी विजेवर रेडिओ चालवायचे डबे) बनवतोय, बिघाड कानाने ओळखतो, मीटर लागत नाही. सेक्रेटरी वॉल्टरने विचारलं, शेठ, मग भाड्याचा माईक कॅन्सल करू ना? नक्की? म्हटलं, आत्ताच्या आत्ता कर.

७ ऑगस्ट
माईक थेट ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे आवाज आत शिरायच्या पायाला, जोडला. चिडीचूप. क्षितिजा (कन्या, डिप्लोमा, दुसरं वर्ष) म्हणाली, बाबा, मध्ये कपॅसिटर हवा. तो आवाज पुढे सोडतो, पण बेसचा करंट माईकमधून पळू देत नाही. म्हटलं, माहीत होतं, तुझी परीक्षा घेत होतो. लावला. आवाज आला, पण घसा बसल्यासारखा. पाच मिनिटांत ट्रान्झिस्टर तापून गेला. हल्ली माल हलका येतो.

९ ऑगस्ट
आणखी दोन गेले. गुन्हेगार सापडला: बॅटरीपासून बेसला जाणारा रेझिस्टर, करंट अडवून थोडाच पुढे सोडणारा. क्षितिजा म्हणते, तो फार लहान घेतलात, मोठा लावा, पण काढू नका. बेसला सतत थोडा करंट हवा, म्हणजे आवाज यायच्या आधीच ट्रान्झिस्टर जागा असतो. याला म्हणे बायसिंग. म्हटलं, हाक मारली की उठेल, मी नाही का उठत? विनया (पत्नी) स्वयंपाकघरातून म्हणाली, कधी?
रेझिस्टर उपटला. आता तापत नाही. बोलतही नाही, पण तापत नाही. निम्मं काम झालं.

१२ ऑगस्ट
यश! रेझिस्टर उपटलेल्या दोन टोकांवर सहज बोट टेकलं आणि माईक खणखणीत बोलला. बोट उचललं, बंद. क्षितिजा म्हणाली, तुमचं बोटच रेझिस्टर झालंय, द्या इकडे, दोन मिनिटांचं काम. दिलं नाही. चालू सेट उघडायचा नाही, हा धंद्याचा नियम. शिवाय मशीन मालकाला ओळखतं, हे कितीजणांच्या नशिबात असतं?

१४ ऑगस्ट, संध्याकाळ
जिन्यात वॉल्टर कुजबुजत होता, शेठचं काही खरं नाही, फुलपाड्याच्या माईकवाल्याला विचार. समोरचा म्हणाला, विचारलं, उद्या सगळे बुक. दोन मजल्यांवरून ऐकलं. म्हणजे आता सगळी मदार माझ्यावर. अभिमान वाटला.
उद्या पडद्यामागे स्टुलावर बोट टेकून बसणार, मग सत्काराला उठायचं कसं, हा किरकोळ प्रश्न. शाल स्टुलापर्यंत येईल.

१५ ऑगस्ट
सकाळी आठपासून पडद्यामागे स्टुलावर, तर्जनी अँप्लिफायरच्या डब्यात. पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. बोटाला घाम सुटला तसा त्यांचा आवाज फाटत गेला. बोट पुसलं, पाहुणे मुके. नाकाला खाज. सहन केली.
वॉल्टरने पुकारलं, आता आपले विलासशेठ... मी उठलो. माईक मेला. बसलो. "...आहेत तरी कुठे?" हे मात्र गल्लीभर घुमलं. पुन्हा उठलो, पुन्हा मेला. पुन्हा बसलो. मागून कोणीतरी म्हणालं, झोपले असतील.
शेवटी वॉल्टरने शाल विनयाला दिली. वर दोन शब्द बोलायला सांगितलं. ती बावीस मिनिटं बोलली. विषय, मी. बोट उचलावं असं चार वेळा वाटलं. पण उचललं असतं तर अँप्लिफायर बिघडला म्हणाले असते. धरून बसलो. एकेक शब्द स्वच्छ गेला. लोक पोट धरून हसत होते.

१६ ऑगस्ट
क्षितिजाने रेझिस्टर लावला. दीड मिनिट. वॉल्टर हॅलो हॅलो करून गेला. म्हणाला, शेठ, सुटलात, आता तुमची गरज नाही. फक्त सव्वीस जानेवारीला वहिनी बोलतील का, तेवढं विचारून ठेवा.
विचारलं. तिने मुद्देही काढून ठेवलेत.