हमीदभाईसाठी घेतलेला मग

सुगरा,

चिनी मातीचा तो मग वापरायचा नाही, असं मी तीनदा सांगितलं होतं. कदाचित फार हळू सांगितलं असेल. तू त्याने तांदूळ मोजलेस, तेव्हा मी तो नुसता पुसून परत फळीवर ठेवला. आज तो पातेल्यांबरोबर वाळूने घासलास आणि चित्रातल्या लोहाराचा हात हातोड्यासकट गेला. ऐरण तेवढी उरली आहे.

तो हमीदभाईसाठी होता. त्या थोरल्या भावाने भाता ओढून मला शिकवलं आणि मी, इतकी पुस्तकं वाचणारा, अम्मी गेली तेव्हाही त्याला दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्यालाही नऊ वर्षं झाली. चित्र पाहून माझ्या मनातलं तो समजेल, असं वाटलं होतं. तेही चुकीचं असेल.

अब्बास आजच्या बोटीने मुंबईला निघतोय; हमीदभाईची वस्तू तोच पोचवणार आहे. मी सूकमध्ये, इथल्या बाजारात, दुसरा मग शोधायला जातो. जेवायला थांबू नकोस. अब्बास आधी आला तर त्याला बसव, चहा दे, पण त्या मगातून नको.

दुसरा नाही मिळाला तर हाच पाठवीन. टेबलावर कागद काढून ठेव. हात नसलेला लोहार का पाठवला, ते आता लिहावंच लागेल.

जाफर