छातीतली कळ

मंगळवार, संध्याकाळ

किळस आली परदेशातल्या या आडगावाची. वेशीवर 'हॉस्पिटल' असा भलामोठा बोर्ड, आत डॉक्टर मात्र फक्त स्क्रीनवर. पुण्याहून आलेल्या आईच्या छातीत दुखायला लागलं म्हणून नेलं. घरच्यांनी भाषांतर करायचं नाही, असा इथला नियम म्हणे! फोनवर दुभाषी दिला, तोही हिंदीचा. आई म्हणाली, "छातीत कळ येतेय." त्याने 'कळ'चं 'कल' केलं आणि सांगितलं, काल दुखत होतं. डॉक्टर निवांत. "कालचं ना? नो वरीज." मी ओरडलो, तेव्हा कुठे ईसीजी काढला, आणि त्यात गडबड निघाली. आता मोठ्या शहरात न्यायचंय, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत लिहितोय. नर्स म्हणते, "इंटरप्रिटर दिला होता ना, मेट." मेट म्हणे, मित्र! शी! आणि आई मलाच विचारतेय, "कळ आजचीच आहे, हे त्यांना कळलं ना रे?"