ग्रिंडलबाईंच्या दारातला हशा

लेस्टर, ४ मार्च

ती. मार्लीन मावशीस,

कोरडा नमस्कार. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. निदान माझं सगळं सांगून तरी होईल.

बाबांनी मेबलथॉर्पच्या समुद्रकाठची सुट्टीची कॅरॅव्हॅन विकली. आई जाऊन दोन वर्षं होतात न होतात तोच तिची सगळ्यात आवडती जागा कुणा प्लंबरच्या ताब्यात गेली. पैसे कुठे गेले ते तुला ठाऊक आहे. ‘ग्रिंडलबाईंचं लॉजिंग’ ही पन्नास वर्षांपूर्वीची टीव्हीवरची विनोदी मालिका एका कंपनीने उकरून काढली आणि तिचा मोबाइलवरचा जुगार केला. चाकं फिरतात, त्यांवर ग्रिंडलबाई, तिचे भाडेकरू आणि खोल्यांच्या किल्ल्या. तीन किल्ल्या जुळल्या की पैसे. जिला बघून आम्ही लहानपणी सोफ्यावरून खाली पडायचो, तीच बाई आता माझ्या बापाचा खिसा कापते आणि वर डोळा मारते. हा खेळ ज्याने बनवला त्याच्या घरी म्हातारं माणूस नसावं.

आणि हे खूळ बाबांच्या डोक्यात तू भरलंस. तू आणि आई शहात्तर साली मँचेस्टरच्या स्टुडिओत प्रेक्षक म्हणून बसला होतात आणि आईचं ते कोंबडी फडफडल्यासारखं हसणं मालिकेत कायमचं आलं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. गेल्या ईस्टरला आमच्याच टेबलावर हॅम सँडविच खाता खाता तू बाबांना सांगितलंस की या खेळात आयरीनचा तोच हशा ठेवलाय. त्याच संध्याकाळी त्यांनी खातं उघडलं.

आता बंगला बघायला दलाल येऊन गेला. बंगला विकून चिप्सच्या दुकानावरची भाड्याची खोली घेणार म्हणे. वय वर्षं एक्याऐंशी, गुडघे दोन्ही गेलेले आणि वर जायला लोखंडी जिना. आग तू लावलीस, विझव तूच.

आईमुळे तुझी म्हणवणारी,
जॅनिस

*

ओल्डम, ९ मार्च

चि. जॅनिस हिस अनेक आशीर्वाद. त्यातला ‘उत्तम’ या खेपेस राखून ठेवला आहे.

तुझं पत्र वाचून माझा चहा गार झाला. मी तुझ्या बापाला एक गंमत दाखवली. त्याच्या हातात पैसे मी कोंबले नाहीत. तो मोबाइल त्याला कुणी घेऊन दिला? तूच. कशासाठी, तर दर रविवारी क्लीथॉर्प्सला जायची कटकट नको, तोंड दाखवलं की झालं. नाताळनंतर तू एकदा तरी गेलीस का? मला दोन बस आणि एक गाडी बदलावी लागते, तरी मी फेब्रुवारीत जाऊन आले आणि त्याचे पडदे धुऊन दिले.

आणखी एक. आयरीन गेल्यावर पंधरा दिवसांत तू घर आवरायला निघालीस. तुझा मेलीचा आवरण्याचा सोस माझ्या बहिणीवरच गेलाय, पण अक्कल नाही गेली. फोनचं ते जुनं निरोप घेणारं यंत्र तू कचऱ्यात टाकलंस. आम्ही घरी नाही, निरोप ठेवा, एवढंच त्यात होतं, पण ते तिच्या आवाजात होतं. तुझा बाप नॉर्मन दोन दिवस नगरपालिकेच्या कचरा डेपोवर जाऊन उभा राहिला. तुला त्याने सांगितलं नाही, कारण तू रडशील. मी सांगते आहे, कारण तू रडायला हवं होतंस.

त्या कंपनीला शिव्या घाल, मीही दोन घालते. पण मला शिकवू नकोस.

मोठी म्हणून ऐकून घेणारी,
मार्लीन मावशी

*

लेस्टर, १७ मार्च

ती. मावशीस नमस्कार.

ते यंत्र बिघडलेलं आहे असं मला वाटलं होतं. तुझं पत्र मी मुलांसमोर वाचायला नको होतं. बाकी बोलत नाही.

शनिवारी क्लीथॉर्प्सला जाऊन आले. दुपारभर बाबांच्या शेजारी बसले आणि त्यांना खेळताना पाहिलं. मावशी, आपण सगळे चुकलो. मी तिथे असताना तीन किल्ल्या जुळल्या, चाळीस पौंड आले, नाणी खणखणली, बाबा मात्र चडफडले. ही तिसरी भवानी मध्येच कशाला कडमडली, असं पुटपुटले. मग दोन किल्ल्या जुळून तिसरी हुकली. ग्रिंडलबाईने दार आपटलं आणि प्रेक्षक हसले. बाबांनी डोळे मिटून मोबाइल कानाला लावला होता.

हशा फक्त थोडक्यात हरल्यावर येतो. माझा बाप हरण्यासाठी पैसे लावतोय. मी जुगार सोडवणाऱ्या संस्थेला फोन लावून दिला, तर त्या बाईने गोड आवाजात विचारलं की किती परत जिंकलं म्हणजे तुम्ही थांबाल. बाबांनी फोन माझ्या हातात दिला.

मी खूप बोलले. ओरडलेसुद्धा. ते म्हणाले, तुझी आई भेटते तिथे, तू मध्ये पडू नकोस. मी त्या खेळाशी भांडू शकते, आईशी कशी भांडू? आणि खरं सांगू, मला हेवा वाटला. मी कान देऊन ऐकलं, पण त्या हशात मला आई सापडली नाही. पुढच्या सोमवारी ते दलालाच्या कागदांवर सही करणार आहेत. काही सुचत असेल तर लवकर सुचू दे.

रागावलेलीच, पण तुझी,
जॅनिस

*

ओल्डम, २० मार्च

चि. जॅनिस हिस अ. उ. आ.

तुला आई सापडली नाही, कारण ती तिथे नाही. तो हशा माझा आहे.

आमचे हे, म्हणजे तुझे क्लिफर्डकाका, चॅपलवाले, कर्मठ ख्रिस्ती होते. नाटकं, टीव्ही, सगळं त्यांना पाप. त्या दिवशी मी त्यांना आजारी मैत्रिणीकडे जाते असं सांगून आयरीनबरोबर स्टुडिओत गेले. महिन्याने मालिका लागली आणि अख्ख्या गल्लीने कान टवकारले. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, तेव्हा आयरीनने पटकन सांगून टाकलं की ते खिदळणं तिचं स्वतःचं होतं. मला वाचवलं तिने. पुढे क्लिफर्ड गेले, पण तोवर ती गोष्ट तुमच्या घरची झाली होती. तुम्ही मुलं इतक्या कौतुकाने सांगायचात की ती परत मागायला मला लाज वाटली.

ईस्टरलाही तोंडातून जुनंच निघून गेलं. नॉर्मनचा चेहरा इतका उजळला की मला पुढे बोलवेना. त्या एका मिनिटाच्या आनंदापायी मी त्याचं छप्पर घालवायला निघाले. तू मला म्हणालीस त्यातलं निम्मं मी कमावलेलं आहे.

आजच त्यालाही खरं लिहिते. आपण घर कुणासाठी उधळतोय ते कळलं तर थांबेल. माझं तोंड त्याने पुन्हा पाहिलं नाही तरी चालेल.

तुझी अपराधी,
मार्लीन मावशी

*

क्लीथॉर्प्स, २७ मार्च

प्रिय मार्लीन,

रामराम. पत्र पोचलं.

मी ग्रिम्झबीच्या गोदीत चाळीस वर्षं मासे कापले, कान नाही कापून घेतले. ज्या बाईबरोबर एकोणपन्नास वर्षं संसार केला ती कशी हसते हे मला माहीत नसेल असं तुम्हा दोघींना वाटलं, याचं नवल वाटतं. आयरीनचं हसणं बिनआवाजाचं. खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी. तो तुझा हशा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझा नवरा असेपर्यंत बोललो नाही आणि नंतर बोलायची सवय राहिली नाही.

मी तुझ्यासाठी पैसे घालवत नव्हतो. तेवढा वेडा नाही मी. तुझा हशा ओसरताना मागे एक बारीक आवाज यायचा. जॅनिसला ऐकू आला नाही, कारण तो कुठे शोधायचा ते तिला माहीत नव्हतं. आयरीन तुला म्हणायची, गप गं, मार्लीन. सत्तावीस वर्षांची आयरीन. तिथेच आवाज तुटायचा.

आता ऐक. मागच्या आठवड्यात मंगळवारी त्या लोकांनी खेळ नवा केला. रंग झगझगीत झाले, किल्ल्या सोन्याच्या केल्या आणि हशाही बदलला. आता भलतीच माणसं हसतात, सगळी एकाच वेळी, आणि मागे काही नाही. मी संध्याकाळपर्यंत हरून पाहिलं. मग कंपनीत फोन केला. त्या पोराला वाटलं मला पैसे परत हवेत. जुना हशा परत लावाल का असं विचारलं, तर म्हणाला, आजोबा, जुना फार खरखरत होता. माझी कॅरॅव्हॅन खाल्ली हरामखोरांनी आणि वर तिला केरासारखं झाडून टाकलं.

खातं बंद केलं. सोमवारी दलाल आला, त्याला सही न देता घालवून दिला. घर राहिलं. जॅनिसला वाटतंय की तिच्या ओरडण्याचा गुण आला. तसंच वाटू दे तिला.

तुझ्यावर राग आहे. तो असू दे, मला कामाला येतो. पण रविवारी ये. स्टेशनवर मी येईन. आवाज अजून आठवतो, पण रोज थोडा थोडा कमी. तुला ती उभा जन्म गप्प करत आली, तेव्हा ‘गप गं, मार्लीन’ ती कसं म्हणायची हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मला एकदा म्हणून दाखव.

लोभ आहेच, वाढवायचं वय गेलं.
नॉर्मन