गुरुवारचा टँकर वस्तीमार्गे सोडणेबाबत

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
भूमिगत गॅस वाहिनी, परभणी.

अर्जदार : बजरंग धोंडीबा देवकते, चौकीदार (ॲनोड खड्डा), राणीसावरगाव शिवार, ता. गंगाखेड.

विषय : खड्ड्यात ओतायचे पाणी आधी वस्तीला वापरू देणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ५ मे २०२५ (अर्जदाराने दोन हंडे पाणी दिल्याबाबत).

महोदय,

नोटीस पोचली. पाणी दिल्याचे अर्जदारास कबूल आहे. हंडे मात्र तीन होते.

जमिनीतली पोलादी वाहिनी गंजू नये म्हणून शेजारच्या खड्ड्यात पुरलेल्या कांड्यांतून (ॲनोड) तिला करंट देतात. उन्हाळ्यात माती वाळली की करंट पोचत नाही, म्हणून दर गुरुवारी पाच हजार लिटरचा टँकर त्या खड्ड्यात रिकामा होतो. कुलूप अर्जदार उघडतो. लोखंड पाण्यावाचून गंजते, हे वस्तीला अजून पटलेले नाही.

खड्ड्याजवळच्या अर्जदाराच्या वस्तीत तेवीस माणसे व एकशे चाळीस मेंढरे आहेत. विहीर मार्चातच आटली. पिण्याच्या पाण्यासाठी सरकारी टँकर मागितला. "शिवारात दर गुरुवारी टँकर येत असल्याची नोंद आहे, सबब टंचाई दिसून येत नाही," असा शेरा मारून प्रस्ताव परत आला.

दि. २४ एप्रिल रोजी अर्जदाराची चुलती चांगुणाबाई हंडे घेऊन खड्ड्यावर आली. "का रं बजरंगा, लोखंडाला पाजायलास अन् आमाला दाखवायलास व्हय?" अर्जदाराने नियम सांगितला. "मंग मला बी पुर त्येच्याशेजारी. गुरवारचं पाणी तरी मिळंल," असे म्हणून ती खड्ड्याच्या कडेला आडवी झाली, ती उठेना. सबब तीन हंडे.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअर राजेश्री मॅडमनी वाहिनीवर मीटर लावून रीडिंग घेतले. निदान ०.८५ व्होल्ट पाहिजे, ०.८१ आले. पुन्हा असे घडल्यास नोकरी जाईल, असे नोटिशीत आहे.

घडले आहे. दि. ८ मे रोजी अर्जदाराने टँकर आधी वस्तीवर नेला. लोक पाणी प्याले, पिंपे भरली. भांडी, धुणी व आंघोळी मात्र सर्वांनी खड्ड्यावर येऊन केल्या. मेंढरेही तिथेच बसवली. प्यालेले पाणीसुद्धा यथावकाश परत आले. तपशील देत नाही. दुसऱ्या दिवशी रीडिंग ०.९४. मॅडमनी मीटर बदलला. ०.९४.

"काय टाकलंत हो यात?" मॅडमनी विचारले.

"आमालाच टाकलं, बाई," चांगुणाबाई म्हणाली.

खारट पाण्यातून करंट बरा चालतो, असे मॅडमचे म्हणणे पडले.

तरी गुरुवारचा टँकर वस्तीमार्गे सोडावा. वाहिनीचे पाणी वाहिनीलाच पोचेल, फक्त माणसांतून जाऊन. माणसांना पाणी देण्याची तरतूद नसल्यास तेवीस जणांची नावे साहित्याच्या नोंदवहीत चढवावीत. सर्वांची संमती घेतली आहे. मेंढरांची गृहीत धरली आहे. अर्जदारास काढायचे असल्यास काढावे, पण कुलूप वस्तीतल्याच कोणाकडे द्यावे.

परवा गुरुवार आहे. लोकांनी आंघोळ करावी किंवा कसे, याबाबत लेखी आदेश व्हावेत.

आपल्याच कुलपाचा राखणदार,
बजरंग धो. देवकते
दि. १३ मे २०२५

सोबत :
१) नोटिशीची प्रत
२) रीडिंगच्या वहीची दोन पाने
३) वापरलेल्या पाण्याचा नमुना, एक बाटली (बाटली परत मिळावी)