आजाच्या नावाला आलेलं गिऱ्हाईक

आदरणीय कोकिळाअक्का,
धामणगाव बढे

धाकट्या भावाचा, कचरूचा, सविनय जय भीम. इकडे सगळे खाऊन-पिऊन बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? एरंडाचं पान शेकून बांधत जा, आणि भाऊजींना सांग की गुडघा दुखणाऱ्या बाईला चहा जागेवर मिळाला तर पान लवकर गुण देतं. (हे वाक्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांना कमी ऐकू येतं खरं, पण कामाचं तेवढंच कमी ऐकू येतं.)

तर अक्का, अभिमानाची बातमी अशी की एका मोठ्या कंपनीला आपल्या आजाचं नाव पसंत पडलं आहे. पसंत म्हणजे काय, तिनं ते उचललंच. अभयारण्याच्या हद्दीला लागून तंबूंचं हॉटेल टाकलंय ना, तीच ही कंपनी. आत डोंगरात आपला जो कचरूचा झिरा आहे, त्याचं नाव आमचा ट्रेडमार्क आहे असं म्हणून तिनं सरकारदरबारी अर्ज केला. पाण्याच्या बाटलीवर, तंबूवर, टोपीवर आणि अंगाच्या साबणावर ते नाव फक्त तिनंच टाकायचं. (साबण! आजानं जन्मात अंगाला साबण लावला असेल तर मी मिशा उतरवीन.) तेवढ्यावर थांबती तर मी पेढे वाटले असते. पण आपल्या धम्मशीलेला नोटीस आली. सूनबाईनं बचत गटाच्या बायांना घेऊन अभयारण्याच्या गेटासमोर 'कचरूचा झिरा भोजनालय' काढलंय, ते तुला ठाऊक आहे. पिठलं-भाकर, ठेचा, शेवभाजी. रविवारी पाय ठेवायला जागा नसते. कंपनीचं म्हणणं, पाटी उतरवा, हे नाव आमचं आहे.

मी ती नोटीस पुन्हा पुन्हा वाचली, आणि खरं सांगतो, रागाच्या आधी मला हसू आलं. कचरू हे नाव कोणी मागून घेतलंय का आजवर? आजाच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलला आणि काळाची नजर पडू नये म्हणून कचरू म्हटलं. तो जगला, आणि मी जन्मलो तेव्हा तेच नाव धुऊन-पुसून मला दिलं. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी खराटा आपटायचं. माझ्या लग्नपत्रिकेत के. एस. छापावं म्हणून किती खटपट झाली, तूच सांग. त्या नावासाठी आता टाय घातलेली माणसं भांडायला येतात! आणि झिरा काही आजानं हौसेनं काढला नव्हता. गावच्या विहिरीला आपल्या लोकांना हात लावू देत नव्हते, म्हणून त्यानं डोंगरात ओल पाहून हातानं खडक-माती उकरली. पुढं दुष्काळात ती विहीर आटली, तेव्हा सारं गाव घागरी घेऊन त्याच झिऱ्यावर आलं. आजानं कोणाला जात विचारली नाही. नाव गावानंच पाडलं, कचरूचा झिरा. कंपनीला हे माहीत असतं तर तिनं हेही बाटलीवर छापलं असतं.

धम्मशीला घाबरणारी नाही. ती म्हणाली, "मामाजी, ज्याचा वापर आधीचा, त्याची बाजू मोठी. आपन हरकत घेऊ." घेतली. मग कंपनीचा वकील समेटाची बोलणी करायला गावात आला. माणूस गोड, पाटीचं नाव बदला, नवी पाटी आम्ही रंगवून देतो म्हणाला. मी म्हटलं, नाव आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. तो म्हणाला, पुरावा? सरकारी नकाशात तर नुसतं 'पाणवठा' लिहिलंय, आणि ताईंची पाटी कालची. मी छाती काढून सांगितलं, पुरावा बोलता-चालता आहे, विहारात चला. ज्या बायांनी उभी हयात त्या झिऱ्याचं पाणी डोक्यावर वाहिलं, त्या सगळ्या म्हाताऱ्या मी बोलावून बसवल्या. वकिलानं विचारलं, मोबाईलवर चित्रण केलं तर चालेल का? मी म्हटलं, खुशाल करा. (ही परवानगी देताना मी मिशीवरून हात फिरवला, तोही त्यात आला आहे.)

पहिला नंबर जनकाकाकूचा. वकिलानं अदबीनं विचारलं, डोंगरातल्या त्या पाण्याला तुम्ही काय म्हणता?

"वरचं पानी म्हन्तो."

"पण त्याचं नाव?"

"पान्याले काय नाव ठेवतेत, बापू? पान्याचं बारसं असते काय?"

मग अन्नपूर्णाबाई. ती म्हणाली, आबाचं पानी. कोणते आबा? आमचे. त्यांचं नाव काय? त्यावर ती पदर तोंडाला लावून वकिलावरच उखडली. "काऊन? तुमच्या घरच्या सुना आजेसासऱ्याचं नाव घेतात काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्का, मी सगळ्या सुनाच बोलावल्या होत्या! कोणाला आजा चुलत, कोणाला सख्खा, पण नात्यानं तो सगळ्यांचा सासरा नाहीतर आजेसासरा. त्यांनी ते नाव जन्मात जिभेवर आणलेलं नाही. आणि आमच्या घरच्या चांगुणेच्या तोंडाला तर दोन कुलपं. आजेसासऱ्याचं नाव तेच आणि नवऱ्याचंही तेच. लग्न झाल्यापासून मी 'ऐकलं काय', 'अवो' आणि मुलगा झाल्यावर 'प्रज्वलचा बाप' यांवर निभावलंय. वकील मोबाईलकडे तोंड करून म्हणाला की येथील ज्येष्ठ महिलांना हे नाव माहीतच नाही. धम्मशीला खाली बघायला लागली. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून चांगुणा उठली. पदर सारखा केला, माझ्याकडे असं पाहिलं की चूक माझीच आहे (होतीच), आणि खणखणीत उखाणा घातला,

"वकीलसायबाच्या आंगठीत चमकते हिरा,
कचरूरावाचं नाव घेतो, आमचाच कचरूचा झिरा!"

विहार दणाणलं. जनकाकाकू म्हणाली, "चांगुणानं ताला खोलला, आता कायची लाज!" आणि ती 'कचरूचा झिरा, कचरूचा झिरा' असं गूळ चघळल्यासारखं म्हणत बसली. मला लग्नातसुद्धा एवढं लाजायला झालं नव्हतं. वकीलही हसला, पण माणूस पक्का. म्हणाला, ताई, फार छान, पण हे तुम्ही आज म्हणालात. जुना वापर कुठं आहे? बोलला ते खरं होतं. मग त्यानं पाणी मागितलं. दोन गिलास प्याला आणि विचारलं, एवढं गोड पाणी कुठलं? मी म्हटलं, वरचं. नाव घेतलं नाही, उगाच आणखी एक नोटीस यायची.

असो. हरलो नाही, जिंकलोही नाही, पण बायकोचा आणि सुनेचा अभिमान एवढा वाटतो की सदऱ्याच्या गुंड्या लागत नाहीत. भाऊजींना जय भीम, लेकरांना गोड पापा.

तुझा धाकटा भाऊ,
कचरू

ता. क. येताना धामणगावची चिंच आण. येशील असं मी धरूनच चाललोय, कारण पुढं वाच.

ता. क. दुसरा : सुना नाव घेत नाहीत, पण गावच्या लेकींना ते नाव घ्यायला कोणी अडवलं होतं? तू, पिंपळगाव राजाला दिलेली, वरवट बकालला दिलेली, तुम्ही सगळ्या बहिणी परकर खोचून 'कचरूच्या झिऱ्यावर चाललो वोऽ' असं ओरडत जायच्या. तीच तर साक्ष! सगळ्या बहिणींना निरोप दे. शपथपत्रं करायची आहेत, पाटी तुमच्या शब्दावर लटकली आहे.

ता. क. तिसरा : धम्मशीलेनं पत्र वाचलं. ती म्हणते की शपथपत्र तुमच्या तुमच्या तालुक्याला होतं, आत्यांना एवढ्या लांब कशाला बोलावता. तिचं ऐकू नको. तुम्ही या. गावात ते नाव मोठ्यानं घेणारी सध्या एकटी चांगुणा आहे, आणि ती ते झिऱ्यासाठी घेत नाही. गोठा झाडायचा राहिला की घेते.