प्रयोजनाच्या रकान्यात ‘हौस’

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी साहेब,
वाहन तपासणी उपकेंद्र, चिंचाळा फाटा.

अर्जदार : सौ. उमादेवी शिवप्पा निडवंचे, धंदा सीट कव्हर शिवणे, रा. उदगीर, जि. लातूर. (हल्ली मुक्काम : आपल्याच कार्यालयाचे मागचे आवार.)

विषय : मालवाहू गाडीवरील राहत्या खोलीची दुरुस्ती मंजूर करणे व त्याकामी ‘हौस’ हे प्रयोजन ग्राह्य धरणेबाबत.

संदर्भ : आपले पहिले त्रुटीपत्र, दुसरे त्रुटीपत्र, आणि काल दुपारी अर्जदाराच्याच विजेवर छापलेले तिसरे.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदार ही पतीसह ट्रकच्या केबिनच्या गाद्या शिवण्यात उभी हयात घालवलेली बाई आहे. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांची पाठ तिच्या टाक्यांवर टेकलेली असेल. त्या गाद्या मुलूखभर फिरून आल्या. शिवणारी मात्र लग्नकार्य, मयत आणि दवाखाना सोडून उदगीरबाहेर पडली नाही. याबद्दल तिची कोणाविरुद्ध तक्रार नाही, पण हे असेच पुढे चालू ठेवण्याची तिची तयारीही नाही.

२. सदर गाडी जुनी आहे हे कबूल. एका बियाणे कंपनीने गावोगाव फिरणाऱ्या आपल्या माणसांसाठी तिच्या पाठीवर झोपायची खोली बसवून घेतली होती. कंपनी बंद पडली, गाडी कंधारजवळच्या एका शेतात उभी राहिली, आणि अर्जदाराने पाहिली तेव्हा तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. अर्जदार व पतीने ती घेतली, कुजलेले प्लायवूड उपटून काढले, चौकोनी पाइपाचा सांगाडा नव्याने वेल्डिंग करून घेतला आणि उन्हाला अडवायला पत्र्याआड थर्माकोल भरला. टपावर सोलरच्या प्लेटा, पलंगाखाली बॅटरी, खाली पाण्याची टाकी. हेतू एवढाच, की जिथे विजेचा खांब नाही, नळ नाही आणि शेजारी नाही, तिथेही दिवा लागावा, पंखा फिरावा आणि सकाळी अंघोळ व्हावी.

३. यात एक चूक झाली, ती अर्जदार लपवत नाही. हातात रेक्झिन आले की सीट कव्हरवाल्याला थांबता येत नाही. भिंती, छत, दाराची आतली बाजू, सगळे फोम घालून, बटणे मारून असे मढवले की वाऱ्याला शिरायला जागाच उरली नाही. विष्णुपुरीच्या धरणाकाठी पहिला मुक्काम केला, तर दुपारपर्यंत आतमध्ये इडलीपात्र झाले. पती बनियनवर बाहेर येऊन झाडाखाली बसले ते आत यायचे नाव घेईनात. घरी आल्यावर अर्जदाराने कात्री घेतली, आपलेच काम आपल्या हाताने फाडले आणि झरोके बसवले. पण त्या झाडाखाली तिला एक गोष्ट नव्याने कळली. तिचे पती बसल्या बसल्या गुणगुणतात. दुकानात दिवसभर मशीन चालू असते, त्यामुळे इतक्या संसारात हे तिच्या कानावर कधी पडले नव्हते. ते तिला पुन्हा ऐकायचे आहे.

४. गाडी तपासणीला आणली आणि घोडे अडले. मंजुरी मिळेपर्यंत गाडी आवारातून हलवू नये, असा आपला आदेश झाला. गाडीत राहू नये असे त्यात कुठेही नमूद नसल्याने अर्जदार व पती तेव्हापासून गाडीतच राहतात. पहिल्या त्रुटीपत्रात आपण विचारले, आत शेगडी आढळली, तरी हे वाहन आहे की घर याचा खुलासा करावा. खुलासा केला : चाके खाली आहेत, शेगडी वर आहे. दुसऱ्यात आपण चालू वीजबिल मागितले. वीज सूर्याकडून घेतो व तो बिल पाठवत नाही, असे लिहून दिल्यावर आपण ‘भाषा उद्धट’ असा शेरा मारला. तरीही अर्जदार वीज कार्यालयात जाऊन आली. जोडणी नसल्याचा दाखला फक्त जोडणी असलेल्या ग्राहकालाच मिळतो, असे सांगून त्यांनी हात वर केले.

५. काल दुपारी आपल्या कार्यालयाची वीज गेली. आपले कर्मचारी श्री. रविकिरण आदबीने गाडीपाशी आले व त्यांनी खिडकीतून एक वायर आत ओढून घेतली. आपला पंखा, संगणक आणि छपाईचे यंत्र अर्जदाराच्या बॅटरीवर चालू झाले. त्या यंत्रातून पहिले पान निघाले ते अर्जदाराचे तिसरे त्रुटीपत्र. रविकिरण ते खाली मान घालून घेऊन आले. त्यांचा दोष नसल्याने त्यांना चहा देण्यात आला.

६. त्या पत्रानुसार ब्रेक, दिवे, विमा, धूर, सांगाडा सर्व ठीक आहे. अडले आहे ते एका रकान्यावर : ‘प्रयोजन – हौस. ग्राह्य नाही. सुधारून लिहावे.’ आपण समक्ष असेही सुचवले की तिथे ‘देवदर्शन’ लिहिल्यास लगेच सही होईल. आपला हेतू चांगला होता हे अर्जदार जाणते. तिच्या पतीलाही ते पटले. ते म्हणाले, “लिहून टाक की. लई लोक लिहितात. देव कुठं तपासायला येणार हाय?”

अर्जदार लिंगायत आहे. तिचे इष्टलिंग तिच्या गळ्यात असते आणि रोज सकाळी तळहातावर घेऊन ती त्याची पूजा करते, हल्ली आपल्याच आवारात. ज्याच्या दर्शनाला निघालो असे लिहायचे, तो आधीपासूनच सोबत आहे. तिने पतीला जे उत्तर दिले तेच आपणासही सादर आहे : “यायला कशाला पाहिजे? गळ्यातच हाय की त्यो. आन् हौस काय चोरीचा माल हाय का, नाव बदलून न्यायला?” त्यावर पतीने चष्मा शोधला आणि या अर्जावर आपलीही सही केली.

७. तिसऱ्या पत्रात गाडीच्या कायम मुक्कामाचे ठिकाण चतुःसीमेसह मागितले आहे, ते असे. पूर्वेस आपल्या कार्यालयाची मागची भिंत. दक्षिणेस जप्तीतले वाळूचे टिप्पर. पश्चिमेस कडुनिंब. उत्तरेस चहाची टपरी. सोमवारपासून चारही बाजूंस मोकळे रान.

सबब, आपण सही द्यावी. द्यायची नसल्यास बाईमाणसाने हौस करू नये असे ज्या कलमात लिहिले आहे, ते कलम लेखी द्यावे. अर्जदार ते रेक्झिनमध्ये मढवून गाडीच्या दारावर लावील. यांपैकी काहीच न मिळाल्यास सोमवारी पूजा आटोपून गाडी विष्णुपुरीकडे निघेल. अडवायचे असेल तर समोर उभे राहून अडवावे, कागदामागून नको. तोवर खिडकीतली वायर तशीच असू द्यावी. दुपारी वीज जाते, आणि नकार छापायलासुद्धा वीज लागते.

विश्वासू म्हणवून घेण्याइतका विश्वास उरलेला नसल्याने, फक्त
आपल्या आवारातली,

(सही) उमादेवी शिवप्पा निडवंचे
(सही) शिवप्पा निडवंचे

दिनांक : शुक्रवार, वीज जाण्यापूर्वी

सोबत :
१) तिन्ही त्रुटीपत्रांच्या प्रती.
२) झरोके बसवल्यानंतरचा गाडीचा फोटो.
३) प्रयोजनाचा रकाना, आपल्या सूचनेप्रमाणे सुधारून. आधी एक शब्द होता, आता दोन आहेत : दोघांची हौस.